विमानांतले मानकरी

सोलापूरचा होटगी रस्त्यावरील विमानतळ पुष्कळ वर्षें केवळ नांवाचाच होता. शेजारच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांच्या वाटेंत येते कीं नाहीं, या वादावर शहरांत दोन तट पडले होते. जून २०२३ मध्यें ती चिमणी पाडण्यांत आली, आणि त्यानंतर दोन वर्षांनीं, ९ जून २०२५ रोजीं गोव्याचें व १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबईचें विमान येथून सुरू झालें. तोंपर्यंत आमच्या गांवच्या माणसाला विमानांत बसावयाचें म्हणजे आधीं मोटारीनें अगर आगगाडीनें पुणें, मुंबई, नाहीं तर हैदराबाद गांठावें लागे. आतां घराजवळून विमान मिळूं लागल्यामुळें विमानप्रवासाच्या गोष्टी बैठकींतून अधिक मोकळेपणानें होतात, आणि त्या गोष्टींत एक विषय हटकून निघतो. टॉवेल परदेशीं पाठविणारे व्यापारी, पुण्यास संगणकाच्या कचेरींत असलेले त्यांचे जांवई, वर्षांतून एकदां अमेरिकेस मुलाकडे जाणारे निवृत्त डॉक्टर, हे सर्व एकमेकांना विचारतात : यंदा तुमचें 'गोल्ड' टिकलें काय? आणि टिकत नसेल तर तें टिकविण्यासाठीं कांहीं खटपट करावी कीं न करावी?

या प्रश्नाला माझें उत्तर मी आरंभींच देऊन ठेवतों : करूं नये. एक जास्तीचा प्रवास करूं नये, एक जास्तीचा रुपया भरूं नये, आणि दोन तिकिटांपैकीं गैरसोयीचें असें एकहि तिकीट केवळ पायरी टिकावी म्हणून काढूं नये. हें मत सांगितल्यावर माझे कांहीं मित्र हंसले आणि "प्राध्यापकांना काय ठाऊक!" असेंहि म्हणाले. परीक्षांच्या व परिषदांच्या निमित्तानें मी गेलीं पंचवीस वर्षें विमानांतून पुरेसा हिंडलों आहें. तेव्हां हा आरोप बाजूला ठेवून मुद्द्याकडे वळतों.

ज्यांचा या भानगडीशीं संबंध आलेला नाहीं अशा वाचकांसाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. एकाच कंपनीच्या विमानानें वारंवार जाणाऱ्या उतारूला ती कंपनी प्रत्येक प्रवासाबद्दल गुण देते. हे गुण दोन प्रकारचे असतात. एका प्रकारचे साठवून पुढें त्यांतून फुकट तिकीट घेतां येतें. दुसऱ्या प्रकारचे वर्षाअखेर मोजले जातात आणि त्यांवरून उतारूची पायरी ठरते : सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. पायरी जितकी वरची तितकी रांग आखूड, सामानाची मुभा अधिक, विमानतळावर बसावयास 'लाउंज' नांवाचें वेगळें दालन, आणि जागा शिल्लक असल्यास क्वचित् वरच्या वर्गांत बढती. ही पायरी बहुधा वर्षापुरतीच असते. वर्ष सरलें कीं पुन्हां पहिल्यापासून कमवावी लागते. वाद आहे तो या पायरीविषयीं.

मूळ कल्पना वाईट होती असें कोणी म्हणणार नाहीं. अमेरिकेंत १९७८ सालीं कायदा होऊन विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठलें, कंपन्यांत चढाओढ लागली, आणि १९८१ च्या मे महिन्यांत अमेरिकन एअरलाइन्सनें 'ॲडव्हांटेज' नांवाची योजना काढली. युनायटेडनें लागलीच तिचा कित्ता गिरवला, आणि पुढें जगांतल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनीं. उडून गेलेल्या विमानांतली रिकामी खुर्ची ही संध्याकाळीं मंडईंत उरलेल्या मेथीच्या जुडीसारखी असते. दुसऱ्या दिवशीं तिला मोल नाहीं. ती नेहमींच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली तर कंपनीचें फारसें कांहीं जात नाहीं, आणि गिऱ्हाईक मात्र बांधलें जातें. शिवाय मोजमाप मैलांचें होतें. ज्यानें जितकें अंतर तोडलें त्याला तितके गुण. तिकीट स्वस्ताचें कीं महागाचें, हें सहसा कोणी पाहत नसे. महिन्यांतून चारदां पहांटे उठून विमान पकडणाऱ्या गरीब बिचाऱ्या विक्रेत्याला वर्षाअखेर थोडा आराम मिळे, आणि तो त्यानें अंगमेहनतीनें मिळविलेला असे. आपल्याकडील फ्लाइंग रिटर्न्स, जेट प्रिव्हिलेज, किंग क्लब या योजना त्याच वळणावर निघाल्या.

तें मोजमाप आतां उरलेलें नाहीं, आणि तरी पुष्कळांची खटपट जुन्याच हिशेबानें चालली आहे. २०१५ सालीं डेल्टा व युनायटेड या कंपन्यांनीं फुकट तिकिटाचे गुण अंतरावर न देतां भरलेल्या भाड्यावर देण्यास सुरुवात केली. २०१६ सालीं अमेरिकन त्यांच्या मागोमाग गेली. २०२२ पासून त्याच अमेरिकन कंपनीची पायरीसुद्धां अशा गुणांवर ठरते कीं, जे विमानांत पाऊल न टाकतां बँकेच्या कार्डावर किराणा भरूनहि मिळतात. एअर इंडियानें एप्रिल २०२४ मध्यें आपली योजना खर्चाच्या पायावर आणली. ब्रिटिश एअरवेजनें १ एप्रिल २०२५ पासून तेंच केलें : साधारणतः एका पौंडास एक गुण, आणि गोल्डसाठीं वीस हजार गुण. वीस हजार पौंड म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक झाले. एका वर्षांत इतकें भाडें जो स्वतःच्या खिशांतून भरूं शकतो, त्यानें आखूड रांगेसाठीं तपश्चर्या कां करावी? तो वरच्या वर्गाचें तिकीटच काढील, आणि आखूड रांग त्याला त्या तिकिटाबरोबरच मिळेल.

म्हणजे पूर्वीं जें प्रवासाचें बक्षीस होतें तें आतां खर्चाचें बक्षीस झालें. महाग तिकीट काढणारा चढतो. काटकसर करणारा, महिनाभर आधीं तिकीट काढून पांच हजार वांचविणारा, शहाणा उतारू खालीं राहतो. ज्या योजनेंत गिऱ्हाइकाचा शहाणपणा हा त्याचा दोष ठरतो, त्या योजनेकडे मध्यमवर्गीय माणसानें आशेनें पाहावें हें मला मोठें नवल वाटतें.

कंपन्यांनीं असें कां केलें, याचें उत्तर करोनाच्या सांथींत सर्वांच्या डोळ्यांपुढें आलें. २०२० सालीं विमानें जमिनीवर उभीं होतीं, तिकिटें कोणी काढीत नव्हतें, आणि सावकार विमानांच्या तारणावर कर्ज देण्यास कचरत होते. अशा वेळीं युनायटेडनें आपली 'मायलेजप्लस' योजना गहाण टाकून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्याच वर्षीं डेल्टानें आपल्या योजनेवर ९ अब्ज, आणि मार्च २०२१ मध्यें अमेरिकननें १० अब्ज. युनायटेडच्या त्या योजनेची किंमत तेव्हां सुमारें २२ अब्ज डॉलर धरली गेली होती, म्हणजे बाजारांत सबंध कंपनीची जी किंमत होती तिच्याहूनहि अधिक! विमानें, वैमानिक, मार्ग, नांवलौकिक हें सर्व मिळून जेवढें, त्यापेक्षां गुणांची वही मोठी. याचें कारण उघड आहे. कंपनी हे गुण स्वतः निर्माण करते, बँकांना रोख पैशानें विकते, आणि बँका ते कार्डधारकांना वांटतात. गुणांच्या मोबदल्यांत काय द्यावयाचें, किती द्यावयाचें आणि केव्हां द्यावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार मात्र कंपनीच्याच हातीं राहतो. नोटा छापण्याचा असा छापखाना एखाद्या संस्थानिकाच्या हातीं लागता तर त्यानेंहि विमानें उडविण्याचा उद्योग जोडधंदा मानला असता.

आतां या व्यवहाराच्या एकतर्फीपणाविषयीं. प्रत्येक योजनेच्या नियमांत एक कलम असतें, कीं कंपनीला वाटेल तेव्हां नियम बदलतां येतील व सभासदत्व रद्द करतां येईल. बहुतेक लोक तें वाचीत नाहींत. अमेरिकेंतील रब्बी बिन्योमिन गिन्सबर्ग यांना तें वाचावें लागलें. ते नॉर्थवेस्ट कंपनीच्या योजनेंत वरच्या पायरीवरील सभासद होते. २००८ सालीं कंपनीनें त्यांचें सभासदत्व काढून घेतलें. तुमच्या तक्रारी फार होतात, असें कारण दिलें. त्यांनीं न्यायालयांत दाद मागितली. कराराच्या दोन्ही पक्षांनीं सचोटीनें वागावें हें तत्त्व प्रत्येक करारांत न लिहितां असतेंच, असें त्यांचें म्हणणें. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें आणि २०१४ सालीं न्यायाधीशांनीं एकमतानें निकाल दिला कीं, १९७८ च्या त्याच कायद्यामुळें या तत्त्वावर कंपनीविरुद्ध दावा चालूं शकत नाहीं. कायद्याचा कीस येथें काढावयाचा नाहीं. परंतु ज्या मानाबद्दल तक्रार केली असतां तो मानच जातो, त्याला मान म्हणावें कीं मिंधेपणा, हें वाचकांनीं ठरवावें.

आणि हा कागदी मान तरी किती टिकतो? किंगफिशरचीं तांबड्या रंगाचीं विमानें २०१२ च्या ऑक्टोबरांत थांबलीं, आणि 'किंग क्लब' चे मानकरी दुसऱ्या दिवशीं सामान्य प्रजाजन झाले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजीं बंद पडली. तिची गुणांची योजना वेगळ्या कंपनीच्या मालकीची असल्यामुळें गुण वांचले, योजनेनें 'इंटरमाइल्स' असें नवें नांवहि घेतलें. पण प्लॅटिनमधारकाला पुढल्या रांगेंत बसावयास विमानच उरलें नाहीं. मुंबईच्या व्यापारी मंडळींत असे कित्येक गृहस्थ होते कीं, दहा दहा वर्षें त्यांनीं दुसऱ्या कंपनीचें तिकीट काढलें नव्हतें. विस्तारा ही त्यांपैकीं अनेकांची पुढली निष्ठा. ती १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं एअर इंडियांत विलीन झाली. तेथील सभासदांची पायरी नव्या घरीं नेण्यांत आली हें खरें. पण लग्न होऊन आलेल्या सुनेप्रमाणें त्यांना नव्या घरचे नियम शिकावे लागले, आणि ते नियम ठरवितांना त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. २०२३ सालीं डेल्टानें अटी एकाएकीं इतक्या कडक केल्या कीं मोठी ओरड झाली. आपण फार पुढें गेलों, असें कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना जाहीरपणें म्हणावें लागलें आणि कांहीं अटी सैल झाल्या. अटी सैल झाल्या, हिशेब पैशांचाच राहिला.

एका नाजुक गोष्टीला येथें हात घालावा लागतो. जुन्या पिढींतल्या वाचकांना दस्तुरी हा शब्द ठाऊक असेल. घरच्या नोकरानें मालकाच्या पैशानें वाण्याकडून माल आणावा, आणि वाण्यानें रुपयामागें कांहीं पैसे नोकराच्या हातावर ठेवावे, म्हणजे पुढल्या वेळीं तो दुसऱ्या दुकानीं जात नाहीं. मालकाला माल महाग पडतो, वाण्याचें दुकान चालतें, आणि नोकर वाण्याला दुवा देतो. पायरीच्या योजनेचा खरा आधारस्तंभ हा आहे. तिकिटाचे पैसे कचेरी भरते, गुण मात्र कचेरींतला माणूस घेतो. मोजमाप मैलांचें होतें तोंवर या दस्तुरीला थोडी तरी मर्यादा होती. आतां मोजमाप रुपयांचें झाल्यापासून महागडें तिकीट निवडणाऱ्याचाच फायदा अधिक. जर्मनींत २००२ सालीं जेम ओझदेमिर व ग्रेगोर गिझी या दोन नामांकित राजकारण्यांना याच कारणानें आपापल्या पदांचे राजीनामे द्यावे लागले. सरकारी प्रवासांत साठलेले गुण त्यांनीं खाजगी प्रवासासाठीं वापरले होते. आपल्या केंद्र सरकारचाहि नियम असा कीं, सरकारी कामाच्या तिकिटांवर मिळालेले गुण सरकारी प्रवासासाठींच वापरावे. पण हे नियम गुणांना पकडतात, पायरीला नाहीं. ती व्यक्तीच्या नांवें राहते, आणि कुटुंबासह महाबळेश्वरहून परत येऊन गोव्यास निघालेला अधिकारी कचेरीच्या पैशानें मिळविलेल्या लाउंजमध्यें बायकामुलांना मोठ्या अभिमानानें चहा पाजतो. त्यांत त्याला गैर असें कांहींच वाटत नाहीं, हेंच मला अधिक गैर वाटतें.

याहून चमत्कारिक प्रकार स्वतःचे पैसे खर्चणाऱ्यांचा. माझ्या परिचयाचे एक कापडधंद्यांतले गृहस्थ आहेत. एरवीं बाजारांत दोन रुपयांसाठीं अर्धा तास घासाघीस करणारे. गेल्या कांहीं वर्षांपूर्वीं मुदत संपण्याच्या आठवड्यांत त्यांना आढळून आलें कीं गोल्डला थोडे गुण कमी पडतात. ते सोलापुराहून पुण्यास गेले, तेथून दिल्लीस उडाले, दिल्लीच्या विमानतळाबाहेर पाऊलहि न टाकतां तीन तासांनीं परतीच्या विमानांत बसले, आणि मध्यरात्रीं पुण्यास उतरून पहांटे घरीं आले. दिल्लीस काय केलें असें विचारतां, "कॉफी घेतली" म्हणाले. हा प्रवास त्यांना जवळजवळ अठरा हजारांना पडला. पुढल्या वर्षांत ते आठदां विमानानें गेले. सात वेळां बसावयास वेळच नव्हता, आणि आठव्या वेळीं लाउंज भरला म्हणून दारांतच थांबविलें.

आमच्या सोलापुरांत मानकरी या शब्दाला वजन आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेंत सात नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. ज्यांच्याकडे मान आहे त्यांच्याकडे त्या मानाचें ओझेंहि आहे. ती उंच काठी तोलून चालावयाची म्हणजे आधीं कित्येक दिवस सराव करावा लागतो, आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस पाहत असतो. हा मान कोणी विकत घेत नाहीं आणि कोणी मार्चअखेरीस टपालानें परत मागत नाहीं. त्याच्या उलट ब्रिटिश अमदानींतल्या रावसाहेब, रावबहादूर या पदव्या. त्या सरकारच्या मर्जीच्या होत्या, आणि त्यांच्या मागें लागलेल्या सद्गृहस्थांची थट्टा आपल्या नाटककारांनीं पोटभर केली. स्वतंत्र हिंदुस्थानच्या घटनेनें १८ व्या कलमांत पदव्या देण्यास राज्याला बंदी घातली, आणि १९७१ सालीं संस्थानिकांचे तनखेहि बंद झाले. पण मनुष्यस्वभावाला घटनेचें कलम लागू होत नसावें. एअर इंडियाच्या योजनेचें आजचें नांवच 'महाराजा क्लब' आहे! बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनीं १९४६ सालीं तो मिशाळ महाराजा निर्माण केला तेव्हां तो कमरेंत वांकून उतारूचें स्वागत करीत होता. आतां उतारू वांकतो आहे.

"पण सोयी तर खऱ्या आहेत ना?" हा आक्षेप मला पुन्हां पुन्हां ऐकावा लागतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. लाउंज घ्या. एके काळीं तेथें शांतता होती. पुढें बँकांनीं साध्या साध्या कार्डांवर तिचें दार उघडलें, आणि मुंबईच्या विमानतळावर सकाळीं लाउंजबाहेर जी रांग लागते ती पाहून एस. टी. च्या स्थानकाची आठवण होते. शेवटीं बँकांनाच तीन महिन्यांत अमुक खर्च केल्याशिवाय प्रवेश नाहीं अशा अटी घालाव्या लागल्या. आधीं विमानांत चढण्याचा मान घ्या. बसण्याच्या जागेचा आंकडा तिकिटावर छापलेला असतां आधीं आंत जाऊन त्या अरुंद खुर्चींत वीस मिनिटें अधिक बसण्यांत कोणतें सुख आहे, हें मला आजवर कोणीं समजावून दिलेलें नाहीं. (वरच्या फळीवर पिशवीला जागा मिळते, असें एकजण म्हणाले. पिशवी लहान असावी हें त्यावर उत्तर.) सामानाची जास्त मुभा हा मात्र खरा फायदा आहे, अमेरिकेस लेकीकडे निघालेल्या आईच्या भाकरीच्या पिठाचें, शेंगाचटणीचें आणि चादरींचें वजन मी जाणतों. पण ती मुभा वर्षांतून एकदां लागते, आणि तेवढ्यापुरती विकत मिळते. तिच्यासाठीं वर्षभर एका कंपनीचें दास्य पत्करण्याचें कारण नाहीं.

संकटकाळीं पायरी उपयोगी पडते, हा आक्षेप सर्वांत बळकट. परदेशीं विमान रद्द झालें असतां वरच्या पायरीवरील माणसाचा दूरध्वनि लवकर उचलला जातो आणि दुसऱ्या विमानांतली शेवटची जागा त्याला आधीं मिळते, हें मी नाकारीत नाहीं. ज्याला धंद्यासाठीं दर आठवड्यास उडावें लागतें त्याला त्याची किंमत आहे. परंतु आपल्या देशांत काय घडलें तें पाहा. डिसेंबर २०२५ च्या आरंभीं, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले असतां इंडिगोला वैमानिक पुरले नाहींत आणि थोड्या दिवसांत हजारों उड्डाणें रद्द झालीं. देशांतील निम्म्याहून अधिक उतारू एकटी ही कंपनी वाहते. लग्नाला निघालेले, शस्त्रक्रियेला निघालेले, मुलाखतीला निघालेले लोक विमानतळांच्या फरशीवर रात्र काढीत होते. सरकारला भाड्यांवर तात्पुरती कमाल मर्यादा घालावी लागली. त्या फरशीवर सिल्व्हर, गोल्ड आणि पायरी नसलेले असे सर्वजण शेजारीं शेजारीं बसले होते. नसलेला वैमानिक कोणत्याहि कार्डानें येत नाहीं.

शिवाय निष्ठेला पर्याय लागतो. देशांतर्गत प्रवासापैकीं सुमारें नऊ दशांश इंडिगो आणि एअर इंडिया या दोन घरांकडे आहे. अशा बाजारांत कंपनीनें गिऱ्हाइकाची मनधरणी कां करावी? आणि आमच्यासारख्या गांवाची गोष्ट तर याहून साधी. येथून गोव्याचें विमान सुरू केलें फ्लाय-९१ नें आणि मुंबईचें स्टार एअरनें. बैठकींत जीं कार्डें दाखविलीं जातात तीं दुसऱ्याच कंपन्यांचीं. होटगी रस्त्यावर सर्वांना एकाच दारानें आंत जावें लागतें, आणि त्यानें कोणाचें कांहीं बिघडल्याचें ऐकिवांत नाहीं.

माझा खरा विरोध मात्र हिशेबापुरता नाहीं. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे कीं, तिकीट पक्कें असून जागेहून अधिक तिकिटें विकल्यामुळें उतारूला विमानांत घेतलें नाहीं, आणि तासाभरांत दुसरें विमान दिलें नाहीं, तर त्याला भरपाई द्यावी : चोवीस तासांच्या आंत दुसरें विमान दिल्यास मूळ भाडें व इंधनखर्च यांच्या दुप्पट, दहा हजार रुपयांपर्यंत, त्याहून उशीर झाल्यास चौपट, वीस हजारांपर्यंत. या नियमांत पायरीचा उल्लेख नाहीं. तो सर्वांचा हक्क आहे. माझ्या ओळखीच्या गोल्डधारकांपैकीं किती जणांस हा नियम ठाऊक आहे म्हणून मी चौकशी केली, तर एकासहि नव्हता. लाउंजमध्यें रविवारीं कोणता गोड पदार्थ असतो हें मात्र तिघांनीं सांगितलें. ज्यांना नियम वाचतां येतात, ज्यांना इंग्रजींत अर्ज लिहितां येतो, ज्यांचें पत्र वर्तमानपत्रांत छापून येतें, नेमके तेच लोक दोरीपलीकडील रांगेंत नेऊन उभे केले आहेत. दोरीअलीकडे उरतो तो प्रथमच विमानांत बसणारा माणूस, आणि त्याची बाजू बोलणारा कोणी उरत नाहीं. आगगाडीच्या इतिहासांत याच्या उलट घडलें म्हणून थोडी सुधारणा झाली. गांधीजी स्वतः तिसऱ्या वर्गानें हिंडले आणि १९१७ सालीं त्या वर्गाच्या हालांविषयीं त्यांनीं लिहिलें. १९७४ सालीं तिसरा वर्ग नांवापुरता गेला, तरी दुसऱ्या वर्गाच्या फळ्या उघड्या लांकडाच्याच होत्या. १९७७ सालीं आपले प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दींत दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांतील त्या फळ्यांवर दोन इंचांची गादी बसूं लागली. ती गादी मिळविण्यासाठीं कोणाला वर्षांत अमुक मैल प्रवास करावा लागला नाहीं. निवडक प्रवाशांना वेगळी उशी देऊन गप्प बसविण्याची युक्ति त्या वेळीं कोणाला सुचली असती, तर सोलापूर-मुंबई गाडींत आपण अद्यापि फळीवरच पाठ टेकीत असतों.

तेव्हां ज्याला कचेरी पाठविते, आणि जाण्यायेण्यांत ज्याच्याकडे पायरी आपण होऊन येते, त्यानें ती खुशाल घ्यावी. आलेली ठेव परत करा असें मी म्हणत नाहीं. इतरांनीं प्रत्येक प्रवासाचा विचार त्या प्रवासापुरता करावा : वेळ कोणती, भाडें किती, मधें उतरावें लागतें कीं नाहीं, आणि पैसे परत मिळण्याची अट काय. यंदाच्या उन्हाळ्यांत न्यू जर्सीस निघालेल्या एका वृद्ध जोडप्यानें मला सल्ला विचारला तेव्हां मीं एवढेंच सांगितलें कीं, मुलगा 'आपल्याच कंपनीचें' म्हणून दोन ठिकाणीं विमान बदलावयाचें तिकीट काढीत असेल तर त्याला नको म्हणा. थेट विमानास थोडे पैसे अधिक पडले तरी चालतील. गुडघे दुखणाऱ्यांना व्हीलचेअर मागितल्यास विनामूल्य मिळते, तिला गोल्ड लागत नाहीं. फक्त ती तिकीट काढतांनाच मागावी. आणि मुलाच्या नांवें जे गुण सांठले असतील ते त्यानें पुढल्या पायरीची वाट न पाहतां याच तिकिटांत घालावे, कारण त्यांवर व्याज चढत नाहीं, आणि कंपनीनें दरपत्रक बदललें कीं ते त्याच रात्रीं हलके होतात.